मिरीचे फाटे लावण्याआधी

निसर्ग वादळ आलं तो दिवस ३ जून २०२०. दापोलीकडच्या आमच्या वाडीत त्या दुपारी पोफळी काडीसारख्या मोडल्या. सासूबाईंच्या हातचा मिरीवेल ज्या पोफळीवर चढलेला होता, तीही बुंध्यापाशी तुटली आणि वेल तिच्याखाली चिरडला. तेव्हापासून दर वर्षी मी मिरीचे फाटे, म्हणजे नवं रोप करायला वेलाचे तोडलेले तुकडे, लावते. पहिल्या वर्षी चोवीस लावले, जगले पाच. कारण अगदी साधं होतं: फाटे आधी तोडले आणि माती मागाहून कालवायला घेतली. तेवढ्यात पाहुणे आले. गोणपाटात गुंडाळलेली जुडी पडवीत दुपारभर खाऱ्या वाऱ्यावर राहिली.

फाटा वेलापासून सुटला की पाणी ओढायला त्याला मुळं नसतात, पानं मात्र पाणी सोडतच राहतात. मुळं फुटायला तीन-चार आठवडे लागतात आणि तोवर तो अंगातल्या ओलीवरच तग धरतो. म्हणून खाली लिहिलेलं सगळं चाकू हातात घेण्याआधी झालेलं असू दे.

तयारीची सुरुवात डिसेंबरात होते, वेलावर घोस लोंबत असतात तेव्हा. कुठला वेल चांगला धरतो ते त्याच दिवसांत दिसतं, एरवी सगळे वेल सारखेच हिरवे. घोस लांब आहेत का, दाणे दाटीने भरलेत का, पानं पिवळी पडून गळत तर नाहीत ना, हे बघून त्या झाडाला लाल चिंधी बांधून ठेवावी. मग त्याच्या बुडाशी बसावं. तिथून जमिनीवर सरपटत निघणारे लांब फुटवे असतात, आपल्याला हवेत ते हेच. ते मातीला टेकले तर जागोजाग मुळं धरतात, म्हणून बुडाशेजारी एक खुंटी ठोकून तिच्यावर सुंभासारखे गुंडाळून ठेवायचे. फेब्रुवारीपर्यंत ते पक्के होतात.

फुटवा ओळखण्यात चूक झाली तर पुढची सगळी मेहनत भलत्याच ठिकाणी जाते. मिरीच्या एकाच वेलावर निरनिराळ्या तऱ्हेच्या फांद्या असतात. बुडाचा सरपटणारा फुटवा लावला की वर चढणारा वेल मिळतो. घोस धरणारी आडवी फांदी लावली तर ती चढत नाही, तिचं झुडूप होतं. कुंडीत लावतात ती झुडुपी मिरी हीच, आणि शहरातल्या गॅलरीसाठी ती छानच. पण पोफळीवर चढवायचं मनात धरून आडवी फांदी लावलीत, तर बुडाशीच बसून राहील. तिसरी असते वरून खाली लोंबणारी फांदी. ती दिसायला लांबलचक, सरळ, तोडायला हाताशी. मोह होतो, पण तिचे वेल उशिरा धरतात. तिला हात लावू नये.

जातीबद्दल एवढंच सांगते की, पन्नियूर १ ही केरळातली संकरित जात आपल्याकडे बऱ्याच वाड्यांत आहे आणि घोसही लांब देते, पण तिला उजेड लागतो. दाट माडा-पोफळींच्या गच्च सावलीत ती हात आखडते. तशी वाडी असेल तर जवळपासच्या वाडीत सावलीतही धरणारा वेल शोधून त्याचे फुटवे मागून आणावेत.

फाटे लावायच्या पिशव्यांसाठी मातीची तयारी जानेवारीत करते. दोन घमेली माती, एक घमेलं वाळू, एक घमेलं मुरलेलं शेणखत. आमचं घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे वाळू म्हटली की पाय आपोआप किनाऱ्याकडे वळतात. तसं करू नका. ती वाळू कितीही धुतली तरी खार पुरता जात नाही. पऱ्ह्यातली, म्हणजे ओढ्यातली, वाळू आणा. शेणखत हातात घेतल्यावर गरम लागलं किंवा वास मारला तर ते अजून कच्चं आहे, त्याने कोवळी मुळी करपते. चांगलं मुरलेलं खत चहाच्या चोथ्यासारखं मोकळं असतं आणि त्याला पावसाळी मातीचा वास येतो. त्यात ट्रायकोडर्मा नावाची बुरशी कालवून, ओलं गोणपाट घालून पंधरा दिवस सावलीत ठेवायचं. ही बुरशी आपल्या बाजूची. मिरीचा मोठा वैरी म्हणजे फायटोफ्थोरा, जलद मर आणणारा. उभा वेल पावसाळ्यात आठ-दहा दिवसांत काळा पाडून टाकतो, आणि तो मातीतून, पाण्यातून येतो. म्हणून ज्या वेलाखाली मर लागली होती तिथली माती कधीही पिशवीत भरू नये, कितीही काळी कुळकुळीत दिसली तरी.

पिशव्यांना भोकं असतात, पण बहुधा फक्त तळाशी. मी आणखी आठ-दहा बाजूंनी पाडते. एका वर्षी तळाची भोकं चिखलाने बुजली आणि फाटे खालून काळे पडले. उपटून बघितले तर बोटाला बुळबुळीत साल आली आणि कुजका वास. पिशव्या भरल्या की एक-दोनदा भरपूर पाणी घालून बघावं. पाणी वर थबकून राहिलं तर वाळू वाढवावी.

पाण्याची गोष्ट कोकणाबाहेरच्या माणसाला चटकन लक्षात येत नाही. किनाऱ्यालगतच्या विहिरी मार्च उलटला की मचूळ व्हायला लागतात. माड ते पाणी सोसतो, मिरीचा फाटा सोसत नाही, पानांच्या कडा तपकिरी होत जातात. रोज चूळ भरून बघा. जिभेला खारटपणा लागला की फाट्यांपुरतं पाणी वरच्या अंगाच्या विहिरीवरून आणायचं. चोवीस पिशव्यांना एक कळशी पुरते, फार नाही.

सावलीसाठी चार वासे आणि वर माडाच्या पात्यांचे विणलेले झाप. शेडनेटही चालतं, माझा जीव मात्र झापांवर आहे. त्यातून उजेड ठिपक्या-ठिपक्यांनी पडतो आणि पाऊस जवळ आला की एकेक झाप काढून रोपांना उन्हाची सवय लावता येते. समुद्राच्या बाजूला एक उभा झाप आडोशाला हवाच, दुपारचा वारा फाट्यांतली ओल ओढून नेतो. पिशव्यांवर पारदर्शक प्लास्टिकचा बुटका मांडव घातला तर आणखी बरं. आतून थेंब धरले की समजावं, पुरेशी ओल आहे. तेव्हा सकाळ-संध्याकाळ थोडा वेळ उघडून हवा द्यायची.

आता हत्यार. कलमं बांधणाऱ्याकडे असतो तसा पातळ पात्याचा चाकू घ्यावा, विळी नको. विळीने फांदी चेचते आणि चेचलेली जागा आधी कुजते. पातं स्पिरिटने पुसावं आणि प्रत्येक वेलानंतर पुन्हा पुसावं, नाहीतर एकाचा रोग दुसऱ्याला आपणच देतो.

बुरशीच्या रोगांवर फवारायच्या बोर्डो मिश्रणाचं सामान घरात असू द्या: मोरचूद आणि कळीचा चुना. एक टक्क्याचं करायला लिटरभर पाण्याला दोन्ही दहा-दहा ग्रॅम. अर्ध्या पाण्यात मोरचूद, अर्ध्यात चुना, प्लास्टिकच्या वेगवेगळ्या भांड्यांत, आणि मग मोरचुदाचं पाणी चुन्याच्या पाण्यात हळूहळू ओतत ढवळायचं. आकाशी निळा रंग येतो. त्यात स्वच्छ लोखंडी पातं मिनिटभर बुडवून बघावं. पात्यावर तांबूस थर आला तर मोरचूद जास्त आहे, चिमूट चिमूट चुना घालत थर येणं थांबेपर्यंत बघायचं. हे त्याच दिवशी वापरायचं, उरलेलं ठेवायचं नाही. ते ट्रायकोडर्माच्या मातीत ओतायचंही नाही, ही बुरशीही त्याने मरते. मी फक्त नव्या पानांवर हलकं फवारते.

मुळं फुटायची पावडर कृषी सेवा केंद्रात मिळते. बुडाच्या फुटव्यांना मी ती लावत नाही, पेरापेरावर त्यांच्या चिकटमुळ्या तयारच असतात. झुडुपी मिरीसाठी मात्र आणून ठेवा, त्या फांद्या मुळं धरायला फार वेळ घेतात. पावडर झाकणात काढून घ्यायची, डबीत फाटा बुडवायचा नाही.

एवढं जमलं की फेब्रुवारी-मार्चातली एक सकाळ ठरवायची आणि त्या सकाळी दुसरं काम धरायचं नाही. आदल्या संध्याकाळी मूळ वेलाला भरपूर पाणी, पिशव्यांनाही. सकाळी ऊन चढायच्या आत फुटवा खुंटीवरून सोडवायचा. शेंड्याकडचा कोवळा तुकडा टाकायचा, बुडाकडचा लाकडासारखा झालेलाही टाकायचा, मधला ठेवायचा. त्याचे दोन-तीन डोळ्यांचे फाटे; डोळा म्हणजे पेरावरची फुटीची जागा. खालचा काप तिरका, डोळ्याच्या जेमतेम खाली, आणि वरचा सरळ, म्हणजे गडबडीत उलटा फाटा लागत नाही. पानं देठाचा थोडा भाग ठेवून कापायची. तोडलेला प्रत्येक फाटा लगेच पाण्याच्या बादलीत. एक डोळा तरी मातीत, भोवतीची माती अंगठ्याने दाबलेली.

नंतर उपटून बघायचं नाही. मलाही बघावंसं वाटायचं, आणि तेवढ्याने नुकती फुटलेली पांढरी मुळी तुटायची. नवं पान उघडलं तरी लगेच आनंदू नये, फाटा अंगातल्या साठ्यावरही एखादं पान काढतो. दुसरं-तिसरं पान आलं आणि पिशवीच्या भोकातून पांढरं टोक दिसलं की जमलं.

खड्डे मे महिन्यातच खणून तापू द्यावेत, हात-दीड हात खोल, झाडाच्या उत्तर अंगाला, म्हणजे उन्हाळ्यात कोवळ्या वेलावर दक्षिणेचं ऊन थेट येत नाही. मिरगाचा पाऊस नीट बसला की लावणी. सुंभ कापून ठेवावा, वेल सैल बांधायला.

आणि पिशव्या मोजताना दोन जास्तीच्या धराव्यात. सासूबाईंनी फार वर्षांपूर्वी शेजारच्या वहिनींना आमच्या वेलाचे दोन फाटे दिले होते, "लाव गं, विहिरीकडच्या फणसावर चढेल" म्हणून. वादळात तो फणस उभा राहिला. आज आमच्या वाडीत आहे तो वेल त्या फणसावरून आणलेला. दर फेब्रुवारीत दोन पिशव्यांवर मी दुसऱ्या घरांची नावं आधीच लिहून ठेवते. यंदा एक खालच्या आळीत जायची आहे, एक वहिनींच्या लेकीकडे गुहागरला.