रो, रॅक आणि सीडीसी४२ मोजताना या चुका टाळा

पेशी सरकते तेव्हा तिची पुढची कड बाहेर येते, थोडी मागे जाते, पुन्हा बाहेर येते. ही ये-जा अ‍ॅक्टिन या प्रथिनाच्या धाग्यांच्या जाळ्यावर चालते, आणि त्या जाळ्याला कुठे वाढायचे, कुठे आवळायचे हे सांगतात रो कुळातली छोटी प्रथिने. माणसात या कुळाचे २० सदस्य आहेत, पण रोजच्या कामात गाठ पडते ती तिघांशी: रो-ए, रॅक१ आणि सीडीसी४२. जीटीपी हे न्यूक्लिओटाइड (छोटा रेणू) धरले की चालू, त्याचेच एक फॉस्फेट गेलेले रूप जीडीपी धरले की बंद. चालू करणारी प्रथिने जीईएफ, बंद करणारी जीएपी, आणि बंद असलेल्यांना पेशीच्या पडद्यापासून दूर, पेशीरसात धरून ठेवणारी जीडीआय.

इथवर सगळ्यांना पाठ असते. घोळ होतो तो मोजायला बसल्यावर, आणि बहुतेक वेळा त्याचे मूळ एकच असते. ‘किती’ हे मोजणारी पद्धत हाताशी असते आणि तिच्याकडून ‘कुठे’ आणि ‘कधी’ याची उत्तरे काढायचा प्रयत्न चालतो.

१९९२ च्या चित्राचा नकाशा करू नका

अ‍ॅलन हॉल आणि अ‍ॅन रिडली यांचे १९९२ चे काम प्रत्येक एमएस्सीच्या वर्गात शिकवले जाते. स्विस ३टी३ या उंदराच्या पेशींत रो टोचून आत घातला तर स्ट्रेस फायबर (अ‍ॅक्टिनच्या जाड जुड्या) उभे राहतात, रॅक घातला तर कडेला झालरी येतात. १९९५ मध्ये सीडीसी४२ आणि फिलोपोडिया (कडेची बोटासारखी टोके) यांची जोड मिळाली. काम उत्तमच आहे. पण त्यात सुईने आत सोडलेले प्रथिन अख्ख्या पेशीत पसरत होते. त्यातून कळते ते हे प्रथिन काय घडवू शकते एवढेच. सरकणाऱ्या पेशीत ते कोणत्या कोपऱ्यात, कोणत्या सेकंदाला चालू असते याचे उत्तर त्या प्रयोगाकडे मागितलेलेच नव्हते.

तरीही ‘रॅक पुढे, रो मागे’ हे वाक्य डोक्यात घट्ट बसते, आणि मग सेन्सरवर, म्हणजे प्रथिन चालू झाले की उजेडाने दाखवणाऱ्या बनावट प्रथिनावर, रो-ए पुढच्या कडेला चमकताना दिसला की विद्यार्थी सेन्सर बिघडला म्हणून फेकून देतात. फेकू नका. क्लाउस हान आणि गाउडेन्झ डानुझर यांच्या गटांनी २००९ मध्ये ‘नेचर’मध्ये उंदराच्या भ्रूणातल्या फायब्रोब्लास्टवरचे (जोडऊतीच्या पेशींवरचे) मोजमाप छापले. कड पुढे सरकते त्याच वेळी रो-ए अगदी कडेवर चालू होतो. सीडीसी४२ आणि रॅक१ चालू होतात ते कडेच्या सुमारे २ मायक्रॉन मागे, आणि तेही सुमारे ४० सेकंद उशिरा. रो-ए च्या हाताखाली रॉक हे प्रथिन आहे तसे एमडिया पण आहे. रॉक मायोसिनकरवी आवळतो, एमडिया अ‍ॅक्टिनचे धागे लांबवतो. तेव्हा पुढच्या कडेला रो-ए सापडण्यात विरोधाभास काही नाही. मात्र हे आकडे फायब्रोब्लास्टचे आहेत. न्यूट्रोफिल (एक पांढरी रक्तपेशी) किंवा कर्करोगाच्या पेशींना ते आपोआप लावू नका.

पुल-डाउन: बर्फ, घड्याळ आणि मॅग्नेशियम

पुल-डाउन म्हणजे चालू प्रथिन तेवढे ओढून काढणे: रो-ए साठी रोटेकिन या प्रथिनाचा तुकडा, रॅक आणि सीडीसी४२ साठी पॅक या प्रथिनाचा तुकडा बीड्सवर (बारीक मण्यांवर) लावायचा, लायसेटमधले (फोडलेल्या पेशींच्या रसातले) फक्त जीटीपीवाले प्रथिन त्याला चिकटते, मग ब्लॉट, म्हणजे अँटिबॉडीने त्याची पट्टी (बँड) पाहणे. पद्धत सोपी वाटते, म्हणून निष्काळजीपणा होतो.

लायसेट झाला म्हणजे पेशीतली जीएपी प्रथिने थांबली असे नाही. ती बफरमध्येही आपले काम करत राहतात आणि जीटीपीचे जीडीपी होत राहते. सहा प्लेट एकामागून एक खरवडल्या तर सहाव्या प्लेटची वेळ येईतो पहिलीतला सिग्नल उतरलेला असतो, आणि तुमचा ‘टाइम कोर्स’ प्रत्यक्षात खरवडण्याचा क्रम दाखवतो. एप्रिल-मे महिन्यात बेंचवरचा पीबीएस (धुण्याचे खारे द्रावण) कोमट असतो हेही विसरू नका. धुण्याचे बफर आदल्या रात्रीच कोल्ड रूममध्ये ठेवा. लायसेट लगेच वापरणार नसाल तर द्रव नायट्रोजनमध्ये गोठवा, आणि प्रथिनाचे प्रमाण मोजण्यासाठी छोटा भाग आधीच वेगळा काढा. ब्रॅडफर्ड, म्हणजे प्रथिन मोजण्याची चाचणी, होईपर्यंत सगळा लायसेट बर्फावर ताटकळत ठेवणे ही नेहमीची चूक आहे.

दुसरी चूक फ्रीजमध्ये तयार असते: ईडीटीए (धातूचे आयन पकडणारे रसायन) घातलेला रिपा, म्हणजे पेशी फोडण्याचा बफर. न्यूक्लिओटाइड प्रथिनात टिकते ते मॅग्नेशियममुळे. ईडीटीएने मॅग्नेशियम ओढून घेतले की जीटीपी सुटून जाते. बफरमध्ये मॅग्नेशियम क्लोराइड हवे, आणि प्रोटिएज इनहिबिटरची (प्रथिने तोडणाऱ्या एन्झाइमना रोखणारी) गोळीसुद्धा ईडीटीए नसलेली हवी. डब्यावरचे लेबल वाचा. दोन्ही प्रकारचे डबे सारखेच दिसतात.

बँड येत नाही तेव्हा अंदाज बांधत बसण्यापेक्षा कंट्रोल बघा. थोड्या लायसेटमध्ये १० मिलिमोलर ईडीटीए आणि ०.१ मिलिमोलर जीटीपी-गॅमा-एस (सहजी न तुटणारे जीटीपी) घालून ३० अंशांवर १५ मिनिटे ठेवायचे, मग ६० मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइडने थांबवायचे. दुसऱ्या नळीत तेच, पण १ मिलिमोलर जीडीपी घालून. जीटीपी-गॅमा-एसच्या नळीतही बँड नसेल तर बीड्स किंवा अँटिबॉडी गेली आहे. तिथे बँड आहे पण नमुन्यात नाही, तर सिग्नल खरोखर कमी आहे किंवा पेशी गोळा करताना गमावला आहे. जीडीपीच्या नळीतही झगझगीत बँड आला तर बीड्स जास्त झाले आहेत किंवा धुणे कमी पडले आहे. ब्लॉटच्या मेम्ब्रेनवर पाँसो हा प्रथिनांचा रंग मारून बीड्सवरच्या, जीएसटीला जोडलेल्या तुकड्याची पट्टी प्रत्येक लेनमध्ये सारखी आहे का तेही बघा, कारण बीड्सच कमी-जास्त पडले असतील तर पुढचे सगळे आकडे व्यर्थ.

राहिला सीरम, म्हणजे मीडियममध्ये घालतात तो रक्तद्रव. त्यात एलपीए हा चरबीसारखा रेणू असतो आणि एलपीए रो-ए ला जोरात चालू करते. सीरमविना उपाशी ठेवलेल्या पेशींच्या कंट्रोल प्लेटलाही तितक्याच वेळा, त्याच हाताने मीडियम बदलायला हवे. आणि प्लेट किती भरली आहे ते सगळीकडे सारखे असू द्या.

सेन्सरची चमकणारी कड

पुल-डाउन लाखो पेशींची सरासरी देते. ‘कुठे’ हवे असेल तर फ्रेट सेन्सर लागतो (त्यातले दोन चमकणारे भाग जवळ आले की डोनर नावाच्या भागाची ऊर्जा दुसऱ्याकडे जाते), आणि इथली चूक सगळ्यात घातक, कारण तिचे चित्र फार सुंदर येते.

गुणोत्तराचे चित्र म्हणजे एका चॅनेलला दुसऱ्याने भागणे. कड पातळ असते, तिथे उजेड कमी. समजा कडेवर फ्रेटचे मूल्य ३० आणि डोनरचे २०, तर गुणोत्तर १.५. पेशीच्या मध्यात ६०० आणि ४००, तिथेही १.५. म्हणजे सक्रियता दोन्हीकडे सारखी. आता पार्श्वभूमी वजा करताना दोन्ही चॅनेलमधून १० जास्त वजा झाले. मध्यात ५९० भागिले ३९०, म्हणजे १.५१, काही बिघडले नाही. कडेवर २० भागिले १०, म्हणजे सरळ २. उष्ण रंगांच्या पट्टीत कड लालभडक होते आणि ‘पुढच्या कडेला सक्रियता’ असे शीर्षक तयार होते. उलट १० कमी वजा झाले तर कड १.३३ वर येते आणि खरी सक्रियता झाकली जाते. दहा ग्रे लेव्हलची चूक, आणि निष्कर्ष पार उलटा.

म्हणून पार्श्वभूमी त्या पेशीच्या जवळच्या रिकाम्या जागेतून, प्रत्येक फ्रेमला वेगळी घ्या. त्याआधी प्रकाशाच्या असमानतेची दुरुस्ती करा. उजेड ठरावीक पातळीखाली गेला तर ते पिक्सेल मास्कने सरळ बाद करा. कड थोडी खरवडली गेली तरी चालेल. एका चॅनेलचा उजेड दुसऱ्यात किती सांडतो त्याचीही दुरुस्ती हवी.

दुसरा तपास नुसत्या डोळ्यांनी होतो. फील्डमधल्या सगळ्या पेशींची उजवी कड लाल आणि डावी निळी दिसत असेल तर त्या पेशींनी ठराव केलेला नाही. दोन चॅनेलची चित्रे एकमेकांवर एखादा पिक्सेल सरकली आहेत. रजिस्ट्रेशन पुन्हा करा. फिल्टर बदलायला ५ सेकंद लागत असतील आणि कड मिनिटाला २ मायक्रॉन सरकत असेल तर दोन चित्रांत सुमारे ०.१७ मायक्रॉनचा फरक पडतो. ६० पट मोठे दाखवणाऱ्या लेन्सवर तो एका पिक्सेलपेक्षा जास्त असू शकतो. तिथे सॉफ्टवेअर फार मदत करत नाही, फिल्टर बदलण्याचा वेग वाढवावा लागतो.

आणि हे सगळे झाले तरी निष्क्रिय सेन्सर, म्हणजे ज्याचा बांधणारा भाग म्यूटेशनने निकामी केला आहे तो, त्याच सेटिंगवर चालवल्याशिवाय कडेबद्दल एक वाक्यही लिहू नका. तोही कडेला चमकला तर तुम्ही पेशीची जाडी मोजत आहात.

मिनिटाला एक फ्रेम पुरत नाही

४० सेकंदांचा फरक मिनिटाला एक फ्रेम घेऊन दिसणार नाही. दहा सेकंदांनी एक घेतली तर तो चार फ्रेमचा होतो. मग लोक उजेड वाढवतात, पेशी भाजतात, सेन्सरमधली सीएफपी आणि वायएफपी ही दोन चमकणारी प्रथिने वेगवेगळ्या गतीने फिकी पडतात आणि गुणोत्तर आपोआप सरकत जाते. उत्तेजन न दिलेल्या पेशींची तितक्याच लांबीची फिल्म हा त्यावरचा खरा कंट्रोल आहे.

दोन प्रथिनांचा क्रम लावायचा म्हणून दोन सेन्सर एकाच पेशीत कोंबायचा मोहही टाळा. २००९ च्या कामात रो-ए, रॅक१, सीडीसी४२ वेगवेगळ्या पेशींत मोजले आणि कडेची स्वतःची हालचाल हेच सामाईक घड्याळ धरून ते एकमेकांशी जुळवले. माझ्या मते ही त्या कामातली सगळ्यात उपयोगी युक्ती, आणि तिला महागडे यंत्र लागत नाही.

म्युटंट आणि औषधांवर भोळा विश्वास

टी१७एन सारखा रॅकचा म्युटंट (मुद्दाम बदललेले रूप) ‘फक्त रॅक बंद करतो’ असे लिहिलेले दिसते. प्रत्यक्षात तो जीईएफ अडवून ठेवतो, आणि व्हाव सारखे जीईएफ रॅकबरोबर रो-ए ला पण चालू करते. शिवाय कोणतेही रो प्रथिन भरमसाट बनवले की जीडीआयवरची जागा संपते. तिघांच्या बाकावर चौथा दामटून बसला की कडेचा खाली पडतो, तसे आधीचे प्रथिन सुटते आणि पेशी त्याचे विघटन करते. २०१० मध्ये हे प्रयोगाने दाखवले गेले. सेन्सरही याला अपवाद नाही. सर्वांत झगझगीत पेशी निवडण्याची सवय सोडा, मंद पेशी घ्या.

वाय-२७६३२ हे औषध रॉकला थांबवते, रो-ए ला नाही. एमडिया तसाच चालू राहतो. सी३ ट्रान्सफरेज हे जिवाणूंचे एन्झाइम रो-ए, रो-बी, रो-सी तिन्ही बंद करते आणि आत शिरायला तासन्‌तास घेते. स्टेम सेलवर काम करणाऱ्यांनी एक गोष्ट आधी विचारून घ्यावी: पॅसेज करताना (पेशी नव्या प्लेटमध्ये हलवताना) त्या जगाव्यात म्हणून मीडियममध्ये वाय-२७६३२ घातले होते का, आणि ते कधी काढले?

फिक्सिंगबद्दल, म्हणजे पेशी जागच्या जागी स्थिर करण्याबद्दल, थोडक्यात. फॅलॉइडिन या अ‍ॅक्टिनला चिकटणाऱ्या रेणूने अ‍ॅक्टिन रंगवायचे असेल तर मिथेनॉल चालत नाही, ४ टक्के पीएफए (पॅराफॉर्मल्डिहाइड) घ्या, आणि ते ३७ अंशांवर कोमट करून. थंडगार पीएफए ओतले की कडेच्या झालरी आक्रसतात आणि दोष बिचाऱ्या रॅकवर जातो.

रिकाम्या काचेचे, एकसारख्या फ्लुरोसंट द्रावणाचे आणि शटर बंद असतानाचे, अशी तीन चित्रे प्रयोगाच्या त्याच दिवशी, त्याच एक्सपोजरवर काढून डेटाच्या फोल्डरमध्येच ठेवा. सहा महिन्यांनी रिव्ह्यूअरने कडेबद्दल विचारले तर दिवा तोवर बदललेला असतो.