गोड यीस्टची कणीक एकदाच मळा, दोन दिवस वापरा

बन वेगळे, दालचिनी रोल वेगळे, टुटीफ्रुटीचा पाव वेगळा. दर वेळी नव्याने मळत बसलं की ओटा आणि संध्याकाळ दोन्ही जातात. एकाच कणकेतून हे सगळं होतं.

१. ५०० ग्रॅम मैदा, ७ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, ७५ ग्रॅम साखर, ७ ग्रॅम मीठ एकत्र करा.

२. २८० ते ३०० मिली कोमट दूध थोडंथोडं घालत मळा. कणीक हाताला चिकटेल. वरून मैदा भुरभुरू नका, बन कोरडे होतात.

३. दहा मिनिटं मळल्यावरच ६० ग्रॅम मऊ लोणी घाला. आधी घातलं तर कणकेला ताण यायला फार वेळ लागतो. मग पुन्हा मळा. ताणल्यावर पातळ पापुद्रा निघाला की झालं.

४. तेल लावलेल्या मोठ्या डब्यात झाकून लगेच फ्रीजमध्ये ठेवा. रात्रभरात सावकाश फुगते, चवही जास्त चांगली येते, आणि गार कणीक लाटायला फार सोपी जाते.

सकाळी अर्धीचे बन वळा, उरलेली दुसऱ्या दिवशी लाटून रोल करा. आकार दिल्यावर दुप्पट होईपर्यंत थांबा, मग १८० अंशांवर साधारण २० मिनिटं भाजा. वेलची कणकेत चालते. दालचिनी मात्र सारणातच घाला, ती यीस्टला मंदावते.

दूध बोटाला चटका देत असेल तर यीस्ट मरेल. निवू द्या.