विसर्जनाचे फोटो एडिट करायला बसण्याआधी

पहिली तयारी झोपेची. सकाळी पुण्याच्या मंडईत टिळक पुतळ्यापाशी मिरवणूक सुरू झाल्यापासून उभं राहून, रात्री उशिरा अलका चौकातून पाय ओढत घरी आलेल्या माणसाने लगेच एडिटिंगला बसू नये. कानात ढोल घुमत असतो, त्यामुळे प्रत्येक फोटो भारी वाटतो आणि हात आपोआप सॅच्युरेशन, म्हणजे रंगांचा भडकपणा, वाढवत सुटतो. त्या रात्री एकच काम करायचं. कार्डातले आणि फोनमधले सगळे फोटो केबलने लॅपटॉपवर एका फोल्डरमध्ये घ्यायचे आणि त्या फोल्डरची एक प्रत दुसऱ्या हार्ड डिस्कवर टाकायची. स्वतःचेच फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून स्वतःला पाठवणारे लोक मी पाहिलेत. तिथे साधा फोटो म्हणून पाठवला की तो दाबून लहान होतो आणि एडिट करायला उरतं ते चिपाड. फोल्डरच्या नावात वर्ष आधी लिहा, ‘2025-09-06 विसर्जन’ असं. पाच वर्षांचे फोल्डर साठले की ते आपोआप तारखेच्या क्रमाने लागतात.

सॉफ्टवेअरचा प्रश्न फार ताणू नका. फोनवर स्नॅपसीड फुकट आहे, लॅपटॉपवर गिंप आणि डार्कटेबलही फुकट आहेत, आणि लाइटरूम आधीच घेतलेलं असेल तर तेच वापरा. यांतलं एक निवडा आणि या वर्षीचं सगळं त्यातच करा. तुम्हाला लागणारी हत्यारं सगळीकडे जवळपास सारखीच असतात.

यापेक्षा महत्त्वाची तयारी आहे खोलीची आणि स्क्रीनची, आणि ती कोणीच करत नाही. मीही केली नव्हती. एका वर्षी रात्री दीड-दोनपर्यंत बसून चाळीस फोटो मनासारखे केले, प्रिंटला दिले, आणि हातात आले ते निळसर, आजारी चेहरे. डोळ्यांना त्रास नको म्हणून लॅपटॉपचा नाइट मोड चालू होता. स्क्रीन पिवळी झाली होती आणि ते पिवळेपण घालवायला मी प्रत्येक फोटोत निळा ओतत बसलो होतो. तेव्हा नाइट मोड बंद, फोनमधला खोलीच्या उजेडानुसार रंग बदलणारा पर्यायही बंद, आणि ब्राइटनेस मधोमध ठेवून तिथेच राहू द्या. स्क्रीन झगझगीत ठेवून काम केलं की प्रिंट काळपट येते, हा तर ठरलेला अनुभव. खिडकीतलं ऊन स्क्रीनवर पडत असेल तर पडदा ओढा.

मग ठरवा की फोटो जाणार कुठे. स्टेटसला, अल्बमला की मंडळाच्या फ्लेक्सवर? फोनचा फोटो बहुधा 4:3 प्रमाणात असतो आणि 4×6 इंची प्रिंट 3:2 असते. तुम्ही कापलं नाही तर लॅबवाला कापतो, आणि तो नेमका फेट्याचा तुरा कापतो. 4×6 साठी 1200×1800 पिक्सेल पुरेसे आहेत, म्हणजे एका इंचाला 300. 12 मेगापिक्सेलचा फोटो 3:2 मध्ये कापला तरी 12×18 इंची प्रिंटला इंचामागे सव्वादोनशेच्या आसपास पिक्सेल उरतात, भिंतीवर लावायला ते चालतं. फ्लेक्स लांबून बघायचा असतो, त्याला याहून कमी चालतात. पण तिथे मूळ मोठी फाइलच द्या, स्टेटसवरून उतरवलेली नको.

आता निवड. सातशे फोटोंतले सहाशे आपण एडिट करणार नाही, हे आधीच मान्य करा. पहिल्या फेरीत फक्त हललेले, डोळे मिटलेले आणि समोर कुणाचा तरी मोबाइल आलेले बाजूला काढा. दुसऱ्या फेरीत एकाच क्षणाचे आठ असतील तर एक ठेवा. इथे पथकातल्या मित्रमंडळींचा मोह आड येतो, पण त्यांचे फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवून त्यांना तसेच देता येतात. ढोल वाजवायची काठी, म्हणजे टिपरू, हललेलं दिसतंय म्हणून फोटो टाकून देऊ नका. चेहरा स्पष्ट आणि टिपरू धूसर, यातच तर टोल ऐकू येतो.

एडिटिंगचा क्रम आधी सरळ करणे, मग कापणे, मग व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसेल असं करणं), मग उजेड, शेवटी रंग असा ठेवा. सरळ करायला बेलबाग चौकातल्या एखाद्या इमारतीची उभी कड धरा. ध्वजाचा दांडा नाचवताना तिरकाच असतो. तो उभा करायला गेलात तर आख्खा लक्ष्मी रस्ता कलंडेल. फोटो फिरवला की कोपरे जातात, म्हणून कापाकापी त्यानंतर.

व्हाइट बॅलन्ससाठी बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये एक ड्रॉपर असतो, तो पांढऱ्या किंवा राखाडी गोष्टीवर टेकवायचा. पथकाचा पांढरा झब्बा यासाठी उत्तम, पण सकाळचा. दुपारनंतर त्या झब्ब्यात गुलाल मुरलेला असतो, आणि त्यावर ड्रॉपर टेकवला की सगळा फोटो हिरवट होतो, कारण सॉफ्टवेअर बिचारं गुलाबी रंग खोडायला निघतं. म्हणून सकाळच्या स्वच्छ झब्ब्यावरून एक फोटो जुळवा आणि तेच आकडे त्याच उजेडातल्या बाकीच्यांना लावा. रात्रीच्या फोटोंत मात्र हा हट्ट सोडा. पिवळ्या दिव्यांतला चेहरा पिवळसरच दिसतो. निम्मा पिवळेपणा काढा, उरलेला राहू द्या.

उजेडाची अडचण लक्ष्मी रस्त्याची स्वतःची आहे. रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना उंच इमारती, त्यामुळे दुपारी अर्धं पथक उन्हात आणि अर्धं सावलीत. एक्स्पोजर, म्हणजे एकूण उजेड, वाढवला तर उन्हातले झब्बे जळतात, कमी केला तर सावलीतले चेहरे बुडतात. म्हणून एक्स्पोजरला फार हात न लावता आधी हायलाइट्स (उजळ भाग) खाली घ्या, मग शॅडोज (सावलीतले भाग) थोड्या वर. हे करताना हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेडाचा आलेख, उघडा ठेवा. डावीकडे काळं, उजवीकडे पांढरं, आणि आलेख उजव्या भिंतीला चिकटून उभा असेल तर तिथला तपशील गेलेला. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या 256 पायऱ्या असतात, 14 बिटच्या रॉ फाइलमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेल्या) 16384. रॉमधून झब्ब्याच्या चुण्या बऱ्याचदा परत येतात. जेपेगमध्ये जिथे पांढरं 255, म्हणजे सगळ्यात वरच्या पायरीवर, गेलं, तिथे खाली ओढून फक्त राखाडी डाग मिळतो. शॅडोजही बेताने वाढवा, नाहीतर सावलीत कणकण दिसायला लागतात आणि फोटो रंगवलेल्या कॅलेंडरसारखा होतो.

आणि गुलाल. मानाच्या तिसऱ्या गणपतीचे, गुरुजी तालमीचे फोटो असतील तर याची वेगळी तयारी हवी. एकूण हिस्टोग्राम अगदी व्यवस्थित दिसतो आणि तरीही गुलाल सपाट दिसतो, जणू चेहऱ्यावर गुलाबी कागद चिकटवलाय. कारण लाल रंगाचा आलेख एकटाच भिंतीला जाऊन आपटलेला असतो. हिस्टोग्राममध्ये तीन रंग वेगळे दिसण्याची सोय चालू करा, म्हणजे ते लगेच कळतं. उपाय उलटा वाटेल, पण आधी सॅच्युरेशन थोडं कमी करा, मग फक्त लाल आणि गुलाबी रंगांची चमक किंचित खाली आणा. गुलालाची भुकटी, तिचे थर, भुवईवर साठलेले कण दिसायला लागतात. बाकी रंग उठवायचे असतील तर सॅच्युरेशनऐवजी व्हायब्रन्स वापरा. तो आधीच गडद असलेल्या रंगांना कमी छेडतो आणि त्वचेचे रंगही सांभाळतो. भगवा ध्वज आणि गुलाल दोघांनाही एकदम ओरडायला लावू नका.

सगळ्याच फोटोंवर गुलाबी धुकं असेल तर दोष एडिटिंगचा नाही, लेन्सवर गुलाल बसलाय. डिहेझ नावाच्या स्लायडरने थोडा फरक पडतो, पूर्ण नाही. पुढच्या वर्षी खिशात मऊ सुती फडकं ठेवा, आणि पुसण्याआधी फुंकणीने गुलाल उडवा.

शार्पनिंग (कडा धारदार करणं) आणि नॉइझ (ते कण) घालवणं शेवटी, तेही 100 टक्के झूम करून. नॉइझ जास्त घालवला की आजोबांच्या सुरकुत्याही जातात. चेहरे गोरे करणारे फिल्टर या फोटोंना कशाला हवेत, मला कळलेलं नाही. नको असलेला माणूस पुसून टाकणारं हत्यार घरच्या अल्बमपुरतं ठीक. स्पर्धेला किंवा वर्तमानपत्राला फोटो देणार असाल तर त्याला हात लावू नका.

एवढं झालं की एक रात्र थांबा आणि सकाळी मूळ फोटो शेजारी ठेवून पाहा. निम्म्या ठिकाणी स्लायडर मागे घ्यावेसे वाटतील, घ्या. मग नवीन नावाने सेव्ह करा, मूळ फाइलवर नाही. प्रिंटसाठी एसआरजीबी (नेहमीची रंगपद्धती) जेपेग, पूर्ण आकारात, आणि आधी दोनच प्रिंट काढून बघा, चाळीस नाही. मित्रांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचे तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. लहान मुलांचे फोटो सगळ्यांसाठी खुले टाकणार असाल तर त्यांच्या घरच्यांना आधी विचारा आणि फाइलमधलं ठिकाण काढून टाका. एडिट केलेला फोल्डरही त्या दुसऱ्या हार्ड डिस्कवर जाऊ दे. तिथले चार-पाच फोटो उघडतात का ते बघा, आणि मगच कार्ड कॅमेऱ्यात घालून तिथूनच फॉरमॅट करा.