रात्री नऊनंतर नेट मंदावतं? या चुका टाळा

सकाळी सहाला स्पीड पूर्ण, दुपारीही बरा. रात्री जेवणं उरकून बिल्डिंगमधले सगळे टीव्ही-मोबाईलसमोर बसले की व्हिडिओवर चक्र फिरायला लागतं. यावरचे उपायही ठरलेले: राउटर बंद-चालू करा, मोठा प्लॅन घ्या, नाहीतर कंपनी बदला. बरेचदा तिन्ही वाया जातात, कारण कोंडी नेमकी कुठे आहे ते कुणी पाहिलेलंच नसतं.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे मोठा प्लॅन घेणं. घरात आलेली फायबर तुमच्या एकट्याची नसते. नेहमीच्या जीपॉन पद्धतीत (एकाच फायबरवरून अनेक घरांना जोडणी) कंपनीच्या एका पोर्टवरून साधारण २.५ गिगाबिट डाउनलोड निघतं आणि स्प्लिटरमधून, म्हणजे फायबरला फाटे फोडणाऱ्या डबीतून, ते ३२ किंवा ६४ घरांत वाटलं जातं. ३२ घरांनी एकाच क्षणी जोर लावला तर एकेकाच्या वाट्याला ८० मेगाबिटही येत नाहीत, आणि प्लॅन मात्र १००, २००, ३०० चे विकलेले असतात. याला लगेच फसवणूक म्हणू नका. सगळे एकदम ओढत नाहीत, या हिशेबावरच घरगुती ब्रॉडबँड परवडतं. दूरसंचार नियामक ट्रायने २००९ मध्ये या वाटणीला मर्यादा घातली तीही घरगुती ग्राहकांसाठी ५० ला १ (एकाच्या बँडविड्थवर जास्तीत जास्त ५० ग्राहक) आणि व्यावसायिकांसाठी ३० ला १ अशी.

पण लहान ऑपरेटरकडे खरी अडचण अनेकदा स्प्लिटरच्या पुढे असते. तो मोठ्या कंपनीकडून बँडविड्थ विकत घेतो. गिऱ्हाईकं वाढतात, बँडविड्थ तेवढीच राहते. अशा वेळी तुम्ही १०० वरून ३०० वर गेलात तर वाढते ती फक्त तुमच्या खात्यावरची मर्यादा. तुंबलेली वाट तीच.

स्पीड टेस्ट पूर्ण दाखवते म्हणून समाधान मानणं ही दुसरी चूक. टेस्ट आपोआप जवळचा सर्व्हर निवडते आणि तो पुष्कळदा तुमच्याच कंपनीच्या जाळ्यात असतो. म्हणजे कंपनीच्या दारापर्यंतचा रस्ता मोजला गेला, बाहेरचा नाही. रात्री त्याच वेळी मुंबईतला दुसऱ्या कंपनीचा सर्व्हर हाताने निवडून पुन्हा मोजा. पहिला आकडा भरगच्च आणि दुसरा कोसळलेला असेल, तर कोंडी कंपनीच्या बाहेरच्या जोडणीवर असण्याची शक्यता मोठी. दोन्ही कोसळले तर घरात किंवा गल्लीतल्या लाइनवर शोधा.

‘यूट्यूब चालतंय ना?’ हा कस्टमर केअरचा आवडता प्रश्नही याच जातीचा. यूट्यूब आणि नेटफ्लिक्स आपले साठवण-सर्व्हर अनेक इंटरनेट कंपन्यांच्या जाळ्यातच बसवतात, त्यामुळे बाहेरची जोडणी तुंबली तरी सिनेमा सुरळीत चालू शकतो आणि ऑफिसचा कॉल मात्र तुटतो.

हे सगळं वायफायवर मोजू नका. शेजाऱ्यांचे राउटरही रात्रीच कामाला लागतात, आणि २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच: १, ६ आणि ११. लॅपटॉप लॅन केबलने थेट जोडा. प्लॅन १०० च्या वरचा असूनही आकडा सदानकदा ९४-९५ वरच अडकत असेल तर कंपनीला बोल लावण्याआधी केबल आणि राउटरचा पोर्ट बघा. बहुधा कुठेतरी १०० मेगाबिटचा जुना दुवा आहे. सीसीटीव्ही किंवा फोटोंचा बॅकअप अपलोड भरून टाकत असेल तर डाउनलोडसुद्धा रखडतं, हेही तपासा.

व्हीपीएन (तुमचं नेट दुसऱ्या सर्व्हरमार्गे नेणारं ॲप) लावल्यावर वेग वाढला की ‘कंपनी मुद्दाम दाबते’ असा निष्कर्ष लगेच निघतो. तसं असेलही, पण व्हीपीएनचा मार्ग तुंबलेली जोडणी टाळून जात असेल, हेही तितकंच शक्य आहे. महिनाअखेरीस दिवसभर वेग पडला असेल तर ‘अनलिमिटेड’ प्लॅनची अट वाचा. अनेक प्लॅनमध्ये ३३०० जीबीनंतर वेग उतरतो. त्याचा रात्रीच्या कोंडीशी संबंध नाही.

तक्रार करताना ‘नेट स्लो आहे’ एवढंच सांगाल, तर माणूस सकाळी अकराला येईल, सगळं ठीक बघेल आणि तक्रार बंद करून जाईल. त्याऐवजी सलग काही रात्रींचे स्क्रीनशॉट ठेवा: वेळ, केबलवरचा आकडा, दोन्ही सर्व्हर, आणि त्याच दिवशीचा पहाटेचा आकडा. ट्रायच्या २००६ च्या नियमांत गर्दीच्या तासाला जोडणीचा वापर ८० टक्क्यांच्या आत हवा, ९० च्या वर गेला तर ती कोंडी समजून महिन्याच्या आत बँडविड्थ वाढवावी, असं स्पष्ट होतं. त्या नियमांची जागा २०२४ मध्ये नव्या नियमांनी घेतली, तरी लेखी विचारायला प्रश्न तोच चांगला: गर्दीच्या वेळी तुमची जोडणी किती टक्के भरते? तक्रारीचा डॉकेट नंबर घ्या आणि उत्तर पटलं नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जा. ट्रायला थेट पत्र लिहून उपयोग नाही. एकेकट्या ग्राहकाची तक्रार ते सोडवत नाहीत.

कंपनी बदलायचीच असेल तर आधी त्या कंपनीचं कनेक्शन असलेल्या शेजाऱ्याकडे रात्री साडेनऊला टेस्ट घ्या. नावं दोन आणि मागचा केबलवाला एकच, असं सर्रास असतं. आणि ‘वर्षाचे भरा, दोन महिने फुकट’ला हो म्हणण्याआधी एक महिन्याचाच प्लॅन घ्या, त्यात एक आयपीएलचा सामना किंवा मोठी सुट्टी येऊ द्या.