शाळेतून नाव काढण्याआधी घर तपासा

होमस्कूलिंगबद्दल विचारायला येणारे आईबाबा बहुतेक वेळा शाळेच्या तक्रारींपासून सुरुवात करतात. गच्च भरलेला वर्ग, दप्तराचं ओझं, सतत परीक्षा. सगळं खरं असतं. पण शाळा नकोशी झाली, एवढ्यावर घरचं शिक्षण उभं राहत नाही. म्हणून मी आधी विचारते: सकाळी दहा ते दुपारी चार मुलाजवळ कोण असणार?

आमच्याकडे मी घरूनच जीएसटीची कामं करते आणि सासरे दिवसभर घरी असतात. त्यांनी नातवाकडून पावकी, निमकी, दिडकी (पाव, अर्धा, दीडचे पाढे) रोज म्हणून घेतली. परवा मंडईत ३६ रुपये किलोचे टोमॅटो सव्वा किलो घेतले, तर भाजीवाल्या मावशींच्या आधी हा बोलला, "छत्तीसचा पाव नऊ, म्हणजे पंचेचाळीस." असं माणूस घरात नसेल आणि दोघांच्याही नोकऱ्या बाहेर असतील, तर मुलगा दिवसभर मोबाइलच्या ताब्यात जातो. पैशांचा हिशोबही इथेच करा. फी वाचते, पण एकाचा पगार थांबणार असेल तर तो आकडा फीच्या शेजारी लिहून बघा.

मग दुपार. सोसायटीतली मुलं साडेचार-पाचला खाली उतरतात, तोवर मूल सवंगड्यांशिवाय एकटं असतं. हा तोटा मला सगळ्यात मोठा वाटतो आणि तो फक्त शनिवार-रविवारच्या भेटींनी भरून निघत नाही. रोज जाता येईल असा तबल्याचा क्लास, मल्लखांब, वाचनालय, काहीतरी चालत जाण्याच्या अंतरावर हवंच. खेळात पुढे जाणारं मूल असेल तर जास्तच विचार करा, कारण आंतरशालेय स्पर्धांत शाळेकडूनच उतरावं लागतं. शिष्यवृत्ती परीक्षेचा अर्जही शाळाच भरते.

कागदपत्रांकडे दुर्लक्ष नको. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात होमस्कूलिंगचा उल्लेखच नाही. कलम १० नुसार मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य आहे, पण न घातल्यास पालकांना शिक्षा सांगितलेली नाही. दहावीसाठी एनआयओएसचा, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा मार्ग आहे: वयाची १४ वर्षं पूर्ण हवीत, किमान पाच विषय, वर्षातून दोनदा परीक्षा, मराठी माध्यमही मिळतं. गणित सक्तीचं नाही, तरी सोडू नका. पुढचे बरेच रस्ते तिथेच अडतात. राज्य मंडळाची परीक्षा बाहेरून द्यायला १७ नंबरचा फॉर्म भरायचा झाला तर शाळा सोडल्याचा मूळ दाखला लागतो. तो लॅमिनेट न करता फाइलमध्ये ठेवा.

प्रमाणपत्रांशिवाय चालतं का? मुंबईत घरीच शिकलेल्या मालविका जोशीला २०१६ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत प्रवेश मिळाला, तो प्रोग्रामिंगच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमधल्या तीन पदकांच्या जोरावर. पण बारावी नसल्यामुळे आयआयटीचं दार तिला बंदच होतं. तिच्याइतकी झेप प्रत्येक मुलाची नसते, म्हणून माझं स्पष्ट मत आहे की दहावी-बारावी कुठल्या तरी मंडळाची द्यायलाच हवी.

एवढं जमतंय असं वाटलं की मे महिन्याच्या सुट्टीत घरी शाळा सुरू असल्यासारखे काही आठवडे काढा. आंबे, मामाचं गाव, लग्नं बाजूला ठेवून. अभ्यासाला बसवताना रोज भांडण होतंय का, मूल आपणहून काही हातात घेतं का, तुमचा स्वतःचा जीव मेटाकुटीला येतो का, हे वहीत लिहा. मुलालाही वेगळं बसवून विचारा, आजी-आजोबांसमोर नको. त्याला मित्र हवे असतील तर ते ऐका.

आणि सुरू केलंत तरी दरवर्षी एप्रिलमध्ये पुन्हा ठरवा. परत जायचं झालं तर शिक्षण हक्क कायद्याचं कलम ४ वयानुसार वर्गात प्रवेशाचा हक्क देतं. जवळच्या जिल्हा परिषदेच्या किंवा महापालिकेच्या शाळेत जाऊन मुख्याध्यापकांशी जूनच्या आधीच बोलून घ्या.