‘गेट’चा अर्थ पुढच्या शब्दावरून कसा ओळखायचा

शब्दकोशात ‘गेट’ हे क्रियापद काढलं की अर्थांची लांबलचक यादी समोर येते. ती पाठ करत बसू नका. पुढे नाम आलंय, विशेषण, ठिकाण की दुसरं क्रियापद, एवढं बघितलं की बहुतेक वाक्यं सुटतात. (फाटक या अर्थाचा ‘गेट’ वेगळा. मराठीत दोन्ही सारखेच लिहितो, पण त्यातला ‘ए’ लांब, यातला आखूड.)

रूपं आधी उरकू: गेट, गॉट, गॉट. अमेरिकेत तिसरं रूप बहुधा ‘गॉटन’. पण ‘माझ्याकडे आहे’ म्हणायला तिथेही ‘हॅव गॉट’च, ‘हॅव गॉटन’ म्हणजे मिळवलंय किंवा झालंय. प्रश्न ‘हॅव यू गॉट अ पेन?’ किंवा ‘डू यू हॅव अ पेन?’ असा विचारा. ‘डू यू हॅव गॉट’ ही खिचडी चुकीची.

पुढे नाम असेल तर अर्थ मिळणे, आणणे, घेणे. ‘शी गॉट अ लेटर’, तिला पत्र मिळालं. ‘गेट मी सम वॉटर’, मला पाणी आणून दे. मराठी माणूस सगळ्यात जास्त अडखळतो तो इथेच. आपण ‘मला वही मिळाली, मला पुस्तक मिळालं’ म्हणतो. क्रियापद वस्तूप्रमाणे बदलतं आणि माणसाला ‘ला’ लागतो. इंग्रजीत ज्याला मिळतं तो माणूसच कर्ता. हे डोक्यात नसलं की ‘पेन मिळत नाहीये’चं ‘द पेन इज नॉट गेटिंग’ होतं, आणि ऐकणारा वाट बघत राहतो की पेनचं नेमकं काय होत नाहीये. पेन हरवलं असेल तर ‘आय कान्ट फाइंड द पेन’ म्हणा. दुकानांत मिळत नसेल तर ‘आय कान्ट गेट दॅट पेन एनीव्हेअर’.

पुढे विशेषण आलं की ‘होणे’. ‘आय ॲम टायर्ड’ म्हणजे दमलोय, ‘आय ॲम गेटिंग टायर्ड’ म्हणजे दमत चाललोय. ‘इट्स गेटिंग डार्क’, अंधार पडायला लागलाय. हा ‘होणे’ नामापुढे मात्र चालत नाही. ‘ही गॉट अ डॉक्टर’ म्हणजे त्याने डॉक्टर बोलावून आणला. तो स्वतः डॉक्टर झाला असेल तर ‘ही बिकेम अ डॉक्टर’. आणि ‘गेट मॅरिड’नंतर ‘टू’ येतो, ‘विथ’ नाही.

ठिकाण असेल तर पोहोचणे: ‘वी गॉट टू द स्टेशन ॲट नाइन’. होम, हिअर, देअर यांच्याआधी ‘टू’ लावू नका. ‘आय गॉट होम’ एवढंच पुरे. वाहनांचा नियम सोपा आहे. बस, ट्रेन, विमान, सायकल यांना ‘गेट ऑन’ आणि ‘गेट ऑफ’. कार, टॅक्सीला ‘गेट इन’ आणि ‘गेट आउट’. बसमधून ‘गेट डाउन’ हे भारतात सगळे म्हणतात, बाहेर ते खटकतं.

आता खरा उपयोगाचा भाग, काम करवून घेणं. ‘आय कट माय हेअर’ म्हटलं तर तुम्ही स्वतःच कात्री चालवलीत. केस कापून घेतले असतील तर ‘आय गॉट माय हेअर कट’: गेट, मग वस्तू, मग क्रियापदाचं तिसरं रूप. क्रम बिघडला की अर्थ बिघडतो. ‘आय हॅव गॉट माय हेअर कट’ म्हणजे केस कापून झालेत, पण ‘आय हॅव कट माय हेअर’ म्हटलं की कात्री परत तुमच्या हातात. माणसाकडून काम करवून घेतलं असेल तर त्या माणसानंतर ‘टू’ हवा: ‘आय गॉट हिम टू साइन’, त्याला पटवून किंवा मागे लागून सही करायला लावली. ‘मेक’ आणि ‘हॅव’ यांना हा ‘टू’ नको. ‘आय मेड हिम साइन’मध्ये सक्ती येते, ‘आय हॅड हिम साइन’मध्ये नुसतं सांगून काम झालेलं असतं.

‘गेट टू’पुढे क्रियापद आलं तर मराठी मदतीला येते: ‘वी गॉट टू मीट हर’, आम्हाला तिला भेटायला मिळालं. पण ‘वी हॅव गॉट टू मीट हर’ म्हणजे तिला भेटायलाच हवं. ‘मला कालच कळलं’साठी ‘आय गॉट टू नो’ नको, ‘आय फाउंड आउट यस्टरडे’ म्हणा. ‘गेट टू नो’ हे हळूहळू ओळख होण्यासाठी.

अर्जात, औपचारिक पत्रात ‘गेट’ शक्यतो टाळा. तिथे अर्थानुसार रिसीव्ह, ऑब्टेन, बिकम किंवा अराइव्ह शोभतं. बोलताना मात्र हेच शब्द भरले तर मित्राशी गप्पाही सरकारी पत्रासारख्या वाटतील.