परतीच्या लढतीचा अंदाज: पहिला स्कोअर सगळ्यात शेवटी बघा

अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये ५ फेब्रुवारी २०२२ ला ड्यूक विद्यापीठानं शेजारच्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाला त्यांच्याच चॅपल हिलच्या कोर्टवर ८७-६७ असं झोडपलं. बरोबर चार आठवड्यांनी ड्यूकच्या कॅमेरून इनडोअर स्टेडियममध्ये, प्रशिक्षक माइक शशेफ्स्की यांच्या घरच्या शेवटच्या सामन्यात, नॉर्थ कॅरोलायनानं ९४-८१ अशी मात केली. वीस गुणांनी हरलेला संघ परक्या कोर्टवर तेरा गुणांनी जिंकला. एकाच कॉन्फरन्समधल्या, म्हणजे विद्यापीठांच्या एकाच गटातल्या, दोन कट्टर प्रतिस्पर्धी संघांच्या परतीच्या लढतीवर चार ओळी लिहायला बसाल, तर ही जोडी आधी आठवा. पहिल्या सामन्याचा स्कोअर हा पुरावा असतो खरा, पण चाळून घ्यायचा पुरावा.

आधी नियमांचा फरक. इंदूरला रेसकोर्स रोडच्या बास्केटबॉल कॉम्प्लेक्सवर किंवा आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांत ज्यांची नजर तयार झाली, त्यांना फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, नियमांची सवय असते: दहा मिनिटांचे चार क्वार्टर, २४ सेकंदांचा शॉट क्लॉक (एवढ्या वेळात शॉट घ्यावाच लागतो). अमेरिकेत पुरुषांच्या कॉलेज सामन्यात वीस मिनिटांचे दोन हाफ आणि ३० सेकंद. थ्री-पॉइंटची रेषा, जिच्या बाहेरून पडलेल्या शॉटला (थ्री) तीन गुण मिळतात, ती मात्र तीच, ६.७५ मीटर. टीम फाउलचा, म्हणजे संघाच्या एकूण फाउलचा, हिशोब सगळ्यात जास्त गोंधळात टाकतो. हाफमधल्या सातव्या फाउलपासून 'वन-अँड-वन', म्हणजे प्रतिस्पर्ध्याला मिळालेला पहिला फ्री थ्रो (कुणी न अडवता घ्यायचा एका गुणाचा शॉट) पडला तरच दुसरा. दहाव्यापासून सरळ दोन. त्यामुळे फ्री थ्रोत कच्चा असलेला संघ शेवटच्या पाच मिनिटांत हातातली आघाडी घालवू शकतो. हे पूर्वावलोकनात यायलाच हवं.

आता आकडे. प्रति सामना सरासरी गुण वापरू नका. एक संघ धावत खेळतो, दुसरा शॉट क्लॉक संपेपर्यंत चेंडू फिरवतो. ८० आणि ६८ या सरासऱ्यांची तुलना करून हाती काही लागत नाही. पझेशन, म्हणजे चेंडू संघाच्या ताब्यात किती वेळा आला, ते मोजा: फ्री थ्रो सोडून घेतलेले एकूण शॉट, वजा ऑफेन्सिव्ह रिबाउंड (स्वतःच्या हुकलेल्या शॉटवर परत मिळवलेला चेंडू), अधिक टर्नओव्हर (शॉट न घेताच गमावलेला चेंडू), अधिक फ्री थ्रोच्या प्रयत्नांची ०.४७५ पट. समजा ६२ शॉट, १० ऑफेन्सिव्ह रिबाउंड, १२ टर्नओव्हर, २० फ्री थ्रो. उत्तर ७३.५. गुण ७८ असतील तर शंभर पझेशनला १०६. बचावाचाही असाच आकडा काढा, प्रतिस्पर्ध्याच्या गुणांवरून. हाताने करायचं नसेल तर कॉलेज बास्केटबॉलची आकडेवारी देणाऱ्या बार्ट टॉर्विक यांच्या साइटवर हे फुकट मिळतं आणि तारखा टाकून फक्त गेल्या महिन्याचे सामने वेगळे काढता येतात. परतीच्या लढतीसाठी ही सोय फार कामाची, कारण जानेवारीतला संघ आणि मार्चमधला संघ बऱ्याचदा एक नसतो.

मग बास्केटबॉलचे आकडेतज्ज्ञ डीन ऑलिव्हर यांचे, निकाल ठरवणारे चार घटक: शॉटची परिणामकारकता, टर्नओव्हर, ऑफेन्सिव्ह रिबाउंड, फ्री थ्रो. वजनही साधारण याच उतरत्या क्रमानं. परिणामकारकता काढताना पडलेल्या थ्रीला दीडपट धरतात. वरच्याच उदाहरणात ६२ पैकी २८ शॉट पडले आणि त्यात ८ थ्री असतील, तर २८ अधिक ४ भागिले ६२, म्हणजे ५१.६ टक्के.

पहिला सामना उघडायचा तो आता, आणि त्यात प्रत्येक घटकाला एकच प्रश्न विचारायचा: हे पुन्हा होईल का? रिबाउंडमधली मार बहुधा पुन्हा होते, कारण उंची आणि अंगाची ताकद महिन्याभरात बदलत नाही. प्रेसखाली (कोर्टभर दबाव टाकणाऱ्या बचावापुढे) झालेले टर्नओव्हर होऊ शकतात, पण प्रशिक्षकाला त्यावर तोडगा काढायला चार आठवडे मिळालेले असतात. सगळ्यात फसवी गोष्ट थ्रीची टक्केवारी. प्रतिस्पर्ध्यानं किती थ्री मारायचे यावर बचावाचा बराच ताबा असतो, किती पडायचे यावर फार कमी. म्हणून प्रयत्नांची संख्या जपून ठेवा आणि टक्केवारीकडे संशयानं बघा.

ते करायचं असं. समजा 'ब' संघ आपल्या कोर्टवर 'अ' विरुद्ध ९ गुणांनी जिंकला. त्यांचे २४ पैकी १२ थ्री पडले, हंगामाची टक्केवारी ३४. म्हणजे ८ पडायला हवे होते, ४ जास्त पडले. प्रत्येकाची किंमत पूर्ण तीन नाही, कारण हुकलेल्या शॉटचा रिबाउंडही कधीकधी त्यांनाच मिळाला असता. अडीचच्या आसपास धरा. झाले दहा गुण. 'अ' चे दोन थ्री अपेक्षेपेक्षा कमी पडले, त्याचे पाच. एकूण पंधरा. यातले निम्मेच वळते करा, साधारण सात, कारण मोकळे शॉट मिळाले असतील तर तो नुसता नशिबाचा भाग नाही. 'अ' चा पराभव नऊवरून दोनवर आला. घरच्या कोर्टचा फायदा ढोबळमानानं तीन गुणांचा. आता सामना 'अ' कडे आहे म्हणजे फरक सहाचा. दोनची हार चारच्या विजयात बदलली. हंगामाच्या आकड्यांवरून 'अ' ला घरी तीनची आघाडी निघत असेल, तर तीन ते चार लिहा आणि थांबा. हाच जोड-घटाव नॉर्थ कॅरोलायनाच्या त्या ९४-८१ ला लावला तर विजय सापडला नसता, हेही खरं. अंदाज चुकण्याची मुभा लेखात ठेवावीच लागते.

ब्लोआउट, म्हणजे अगदी एकतर्फी, सामन्यात शेवटची चार-पाच मिनिटं आकड्यांतून काढून टाका, तेव्हा बेंचवरची मुलं खेळत असतात. ओव्हरटाइमची पाच मिनिटंही वेगळी धरा.

आकड्यांनंतर प्ले-बाय-प्ले, म्हणजे सामन्याची क्रमवार नोंद, वाचा. मुख्य सेंटरला (रिंगजवळ खेळणाऱ्या उंच खेळाडूला) दोन फाउल लवकर बसले का? कॉलेजात पाच फाउलवर बाहेर जावं लागतं, आणि पहिल्या हाफमध्ये दोन झाले की बरेच प्रशिक्षक खेळाडूला बसवून ठेवतात. तो बाहेर असताना किती गुणांचा फरक पडला ते वेगळं मोजा. पुष्कळदा अख्खा निकाल त्या आठ मिनिटांत दडलेला असतो. मग रेकॉर्डिंगमध्ये पिक-अँड-रोलच्या (एक खेळाडू आडवा उभा राहून चेंडूवाल्या साथीदाराला वाट करून देतो आणि रिंगकडे वळतो) दहा-बारा खेळ्या बघा. बचाव करणारा मोठा खेळाडू रिंगकडे मागे सरकतोय, पुढे येऊन अडवतोय, की दोघं बचावपटू आपापली माणसं बदलतायत? पहिल्या सामन्यात मागे सरकून मार खाल्ला असेल तर यावेळी काय बदलतील, यावर तुमचा मुख्य परिच्छेद असावा. 'सूडाची लढाई', 'प्रतिष्ठेचा प्रश्न' वगैरे एका वाक्यात उरका. वाचणाऱ्याला ते आधीच माहीत असतं.

प्रत्येक प्रतिस्पर्धी दोनदा भेटतोच असंही धरू नका. ड्यूक आणि नॉर्थ कॅरोलायनाच्या एसीसी (अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स) मध्ये २०२४-२५ पासून १८ संघ आहेत. सगळ्यांशी घरी आणि बाहेर खेळणं वेळापत्रकात बसत नाही. ड्यूक आणि नॉर्थ कॅरोलायनासारख्या जोड्या मुद्दाम राखल्या जातात.

वेळेचा हिशोब लिहायला विसरू नका. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर संध्याकाळी ७ म्हणजे फेब्रुवारीत आपल्याकडे दुसऱ्या दिवशी पहाटे ५:३०. मार्चच्या दुसऱ्या रविवारी त्यांची घड्याळं पुढे जातात, मग तोच सामना ४:३० ला. रात्री ९ चा असेल तर फेब्रुवारीत सकाळी ७:३०, म्हणजे पोहे-जिलबी समोर घेऊन बघता येतो. तारीख नेहमी भारतीय द्या, नाहीतर ग्रुपवर निम्मे लोक एक दिवस आधीच पहाटे उठतात.

लेख आदल्या रात्री पूर्ण करा, पण अंदाजाची ओळ मोकळी ठेवा. अनेक कॉन्फरन्स आता कोण खेळणार, कोण नाही याची यादी सामन्याआधी जाहीर करतात. मुख्य गार्ड (चेंडू हाताळून खेळ चालवणारा खेळाडू) नसेल तर टर्नओव्हरचा अख्खा परिच्छेद पुन्हा लिहावा लागतो. तो आधीच दोन प्रकारे लिहून ठेवला असेल तर पहाटे फक्त एक खोडायचा उरतो.